रिपोर्टच्या कोपऱ्यातली वेळ

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला भला माणूस समजायला नको. मी मनीषावर जळत होतो. मनीषा आमच्या हॉस्पिटलातली सिस्टर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. जळत होतो ते तिच्या रूपावर नाही आणि पगारावरही नाही. तिच्या एप्रनच्या खिशात एक वस्तू असायची, त्या वस्तूवर.

द्वारका चौकातून पुणे रोडला लागलं की थोडं पुढे डॉक्टर कुलथ्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल होतं. तिथे जिन्याखाली माझी लॅब. खोली डॉक्टरांची, पण एकोणनव्वद सालापासून तिथल्या एका बाटलीलाही दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. रक्त फिरवायचं सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ, कलरीमीटर, मायक्रोस्कोप आणि मी. दारावर पाटी होती, 'वाल्मीक निरगुडे, लॅब टेक्निशियन'. दाराबाहेर एक लाकडी बाकडं. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली माणसं त्या बाकड्यावर बसायची आणि मी दार उघडलं की उठून उभी राहायची. बड्या बड्या बागाईतदारांना मी असं उभं केलेलं आहे. डॉक्टरसुद्धा पेशंटला म्हणायचे, "वाल्मीकचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघू." बारा वर्षं ते वाक्य ऐकलं, पण मला त्याचा कंटाळा म्हणून आला नाही.

माझी एक सवय होती. प्रत्येक रिपोर्टच्या उजव्या कोपऱ्यात तपासणी कधी पूर्ण झाली ती वेळ मी लिहायचो, तास आणि मिनिटं दोन्ही. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सर सांगायचे की रक्तातला आकडा त्या वेळेपुरताच खरा असतो, म्हणून वेळ नसलेला रिपोर्ट फाडून टाकावा. मी तसे फाडलेलेही आहेत.

दोन हजार एकच्या दिवाळीत डॉक्टरांचे मेहुणे परदेशातून आले आणि येताना ते शुगर तपासायचं यंत्र घेऊन आले. तळहातावर मावेल एवढं. त्यात एक पट्टी खोचायची, बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा. अर्ध्या-पाऊण मिनिटात यंत्र टुक करून वाजायचं आणि आकडा दाखवायचं. नळी नाही, सुई नाही, वाट बघणं नाही. पेशंटच्या खाटेवरच सगळा कारभार. मला वाटलं, डॉक्टर ते माझ्या हातात देतील. त्यांनी ते मनीषाला दिलं. म्हणाले, "वॉर्डातलं काम आहे, वॉर्डातच राहू दे. वाल्मीक कशाला वरखाली करेल?"

म्हणजे माझ्या गुडघ्यांची काळजी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही मनीषा कामावर लागली तेव्हा रक्त काढताना तिचे हात थरथरायचे. शीर कशी चाचपायची, पट्टा कधी सोडायचा, हे तिला मी शिकवलेलं. माझ्याच हातावर पाच वेळा टोचून ती शिकली. आता तीच मुलगी खिशातून यंत्र काढायची आणि अख्खा वॉर्ड माना वर करून बघायचा. बायका टोचलेलं बोट एकमेकींना दाखवायच्या. "एका थेंबात! आणि तो खालचा माणूस भरभरून बाटल्या काढायचा गं," असं एकीने म्हटलेलं मी जिन्यात स्वतःच्या कानांनी ऐकलं.

जानेवारीत माझ्या दारासमोरचं बाकडंही गेलं. वॉर्डबॉय आले, उचललं आणि वर मनीषाच्या टेबलासमोर नेऊन ठेवलं. मला विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही. फरशीवर बाकड्याच्या पायांचे चार ठसे तेवढे राहिले. मी रोज दार उघडायचो आणि ते चार ठसे बघून माझं डोकं फिरायचं.

घरी तरी सुख असावं की नाही? माझी बायको मैना एकदा भाजी निवडत होती, तेव्हा तिच्या बोटावर मला बारीक काळा ठिपका दिसला. विचारलं तर म्हणाली, "मनीषाकडे तपासून आले. शंभराच्या आत आहे. तुमच्याकडे आलं की हात अर्धा तास दुखतो." लॅबवाल्याची बायको, आणि शुगर तपासून आली सिस्टरकडे! मी त्या रात्री जेवलो नाही. मैनाने माझ्या वाटणीची भाकरी शांतपणे झाकून ठेवली.

मनीषाचं वागणं मात्र बदललं नव्हतं. भेटली की "वाल्मीकभाऊ, चहा झाला का?" असं आधीसारखंच विचारायची. त्याचाही मला राग यायचा. तिने जरा तोरा दाखवला असता तर बरं झालं असतं, मला बोलायला जागा मिळाली असती. मी वाट बघत होतो ती एकाच गोष्टीची. त्या यंत्राने एकदा, एकदाच, सगळ्यांसमोर तोंडावर पडावं.

ती वेळ फेब्रुवारीच्या शेवटी आली.

द्राक्षांच्या दिवसांत आमच्याकडे पेशंट रिकाम्या हाताने येत नाही. ताप असो, मोडलेला हात असो, सोबत द्राक्षांची पेटी असतेच. त्या दिवशी अकराच्या सुमारास मी पाणी आणायला वर गेलो, तर माझ्या त्या बाकड्यावर एक साठीची बाई बसली होती. विठाबाई नाव, विंचूरकडची. बरीच वर्षं शुगरच्या गोळ्या चालू होत्या. दोन दिवस ताप, उलट्या, पोटात अन्न नाही, चेहरा पार उतरलेला. आणि अशा अवस्थेत ही बाई मांडीवर फडकं पसरून द्राक्षांचे घड साफ करत बसली होती. फुटलेले मणी एकेक खुडून बाजूला टाकत होती.

"आत्याबाई, राहू द्या ना आता," शेजारी बसलेली तिची सून राखी म्हणाली.

"आगं, डाक्टरला का फुटके मणी द्यायचे? लोक काय म्हणतील, इठाबाईची बाग अशी हाय?" म्हातारीने मान वर केली आणि मला बघून एक घड पुढे केला. "घ्या दादा. लय गोड हाय यंदा."

मी घेतला. तिची बोटं माझ्या बोटांना चिकटली, इतका रस होता त्यांना. लॅबमध्ये येऊन मी आधी साबणाने हात धुतले आणि मग द्राक्षं खाल्ली. खरंच गोड होती.

सव्वाअकराला वॉर्डातल्या मावशी, नवसाबाई, रक्ताची बाटली घेऊन खाली आल्या. सोबत मनीषाच्या अक्षरात चिठ्ठी होती. विठाबाई, ब्लड शुगर.

"सिस्टरबाईंनी लगेच करायला सांगितलंय," नवसाबाई म्हणाल्या. "मशीनवर चारशे बारा आलीय म्हणत्यात."

"मशीनवर आली ना? मग माझ्याकडे कशाला पाठवली?"

"मला काय ठावं? लगेच पायजे म्हणल्या."

"लगेच पाहिजे असेल तर म्हणावं मशीनलाच विचारा."

नवसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की कुणाही शहाण्या माणसाला लाज वाटली असती. मग त्या निघून गेल्या. मी म्हटलं, वा! म्हणजे आता मी हिच्या आकड्यावर शिक्का मारायचा.

पण काम ते काम. रक्त फिरवून सीरम काढलं, त्यात औषध घातलं, नळी वॉटर बाथमध्ये ठेवली. चारशे असती तर रंग गडद गुलाबी चढायला हवा होता. चढला तो फिका. कलरीमीटरमध्ये लावून बघितलं तर एकशे चार. मला खरं वाटेना. मी पहिल्यापासून पुन्हा केलं. एकशे सहा.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारीची बोटं! मनीषाने बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं असणार, ती नेहमीच पुसायची. पण स्पिरिटच्या एका बोळ्याने द्राक्षाचा चिकट रस कुठला निघायला? त्या यंत्राने म्हातारीचं रक्त मोजलं नव्हतं, तिची बाग मोजली होती.

मी एकटाच मोठ्याने हसलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. कोरा छापील कागद घेतला आणि चांगल्या शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात रिपोर्ट लिहिला. ब्लड शुगर एकशे चार. उजव्या कोपऱ्यात सवयीने वेळ घातली, अकरा पन्नास.

आता हा कागद तसाच नवसाबाईंच्या हाती वर पाठवायचा? छे. डॉक्टर साडेबाराला ओपीडी आटोपून सिस्टर्सच्या टेबलाशी चहा घ्यायचे. सगळा स्टाफ तिथे असायचा. मी ठरवलं की तिथेच जायचं, सगळ्यांसमोर कागद ठेवायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, स्पिरिटने साखर जात नाही. पाण्याने जाते." हे वाक्य मी दोनदा म्हणून बघितलं. 'जाते'वर जरा थांबायचं, असंही ठरवलं.

बाराला पाच कमी असताना इंटरकॉम वाजला. वॉर्डातूनच असणार, दुसरं कोण करणार? मी उचलला नाही. बसू दे ताटकळत, म्हटलं. माझं बाकडं नेताना मला कुणी फोन केला होता? तो वाजून वाजून बंद पडला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला, पुन्हा बंद पडला. मी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली आणि स्लाइडा पुसत बसलो.

लोक विचारतील, त्या वेळी म्हातारीचा विचार तुझ्या मनात आला नाही का? खरं सांगतो, नाही आला. एकशे चार शुगर असलेल्या बाईला चारशे बाराचं औषध दिलं तर काय होतं, हे मला पुस्तकात बघायची गरज नव्हती. पण त्या अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांसमोर विठाबाई नव्हतीच. माझ्यासमोर फक्त मनीषाचं उतरलेलं तोंड होतं, आणि ते मी चवीचवीने बघत होतो.

साडेबारा वाजता केस नीट करून मी जिना चढलो.

टेबलाशी कुणीच नव्हतं. चहाची किटली तशीच झाकलेली होती. सगळे सहा नंबरच्या खाटेभोवती जमले होते आणि राखी भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून रडत होती. मी माणसांच्या फटीतून बघितलं. विठाबाई घामाने निथळत होती. डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. वरून सलाइन लटकत होतं आणि त्याच्यावर चिकटपट्टी होती, इन्शुलिन, सुरू बारा दहाला.

"प्रेशर ठीक आहे, मग झालं काय हिला?" डॉक्टर विचारत होते.

मनीषा उत्तर द्यायला थांबली नाही. तिने सलाइनची चावी बंद केली, ओल्या फडक्याने म्हातारीचा घामेजलेला हात पुसला, कोरडा केला आणि बोट टोचलं. यंत्र मोजायला लागलं. ते पाऊण मिनिट मला कसं गेलं ते माझं मला ठाऊक. टुक वाजलं.

"एकतीस!" मनीषा ओरडली. "शुगर एकतीसवर आलीय. ग्लुकोजची सिरिंज द्या, आधी ग्लुकोज!"

मोठी सिरिंज शिरेत रिकामी झाली. मग दुसरी. सगळे म्हातारीच्या तोंडाकडे बघत होते आणि मी खिशातला कागद मुठीत आवळून उभा होतो. कागदाची कड तळहाताला रुतत होती. रक्त लॅबमध्ये पाठवलं असतं तर नुसतं ते फिरवायलाच पाच मिनिटं गेली असती, आणि म्हातारीकडे तेवढी पाच मिनिटं नव्हती. ज्या यंत्राला मी चार महिने शिव्या घातल्या, त्याचाच आकडा ऐकून मी त्या क्षणी देवाचं नाव घेतलं.

विठाबाईने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "राखे, रडती कशाला? मला लय भूक लागली."

मग कुठे सगळ्यांनी श्वास सोडला. डॉक्टरांनी वळून मला बघितलं आणि हात पुढे केला. "आण. किती आली?"

मी चुरगळलेला रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "एकशे चार? मग ते चारशे बारा कुठून आले?"

"द्राक्षं साफ करत होती ती," मी म्हणालो. "बोटांना रस होता."

"पण मी स्पिरिटने पुसलं होतं," मनीषा म्हणाली.

"स्पिरिटने साखर जात नाही. पाण्याने जाते."

दोनदा म्हणून बघितलेलं वाक्य शेवटी आलं, आणि सगळ्यांसमोर आलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना. मनीषाचं तोंड उतरलं, अगदी मी खाली बसून बघितलं होतं तसंच. ते बघून मला कसलंही सुख झालं नाही.

डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तू तपासलंस, नाहीतर कळलंच नसतं. चूक माझी आहे. ही मनीषा मघापासून म्हणत होती की आकडा पटत नाही. एवढी शुगर असती तर बाई सारखी पाणी मागत बसली असती. माझं म्हणणं, मशीन कशाला खोटं बोलेल? तर म्हणाली, वाल्मीकभाऊंचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघा. तिने स्वतःहून रक्त खाली पाठवलं. मी बारापर्यंत थांबलोसुद्धा. तिने तुला दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. ओपीडी भरलेली, आणखी किती थांबणार? म्हणून मग इन्शुलिन चालू केलं." त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. "खाली फार गर्दी होती का?"

वाल्मीकभाऊंचा रिपोर्ट येऊ द्या, मग बघा. चार महिने ज्या वाक्यासाठी जीव तडफडत होता, ते कुणीतरी म्हटलं होतं. आणि कुणी, तर मनीषाने. डॉक्टर खरोखर थांबले होते. ते वर थांबले होते आणि मी खाली रिपोर्ट खिशात घालून स्लाइडा पुसत होतो.

"हो," मी म्हणालो. "गर्दी होती."

जिन्याखाली माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. दारासमोर फरशीवर बाकड्याचे चार ठसे होते, तेवढीच काय ती गर्दी.

"असो. लाव हा फाइलला," म्हणून डॉक्टरांनी रिपोर्ट मनीषाकडे दिला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मनीषाने कागद मांडीवर ठेवून हाताने सरळ केला. आकडा वाचला. मग तिची नजर उजव्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. तिने मान वर करून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. एक वाजायला दहा मिनिटं होती. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल, ओरडेल, डॉक्टरांना हाक मारेल. मारली असती तर फार बरं झालं असतं. तिने कागदाला भोकं पाडली, फाइलला लावला आणि ती विठाबाईला दूध पाजायला गेली.

विठाबाई चौथ्या दिवशी चालत घरी गेली. जाताना जिना उतरून मुद्दाम माझ्या दारात आली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की लॅबवाल्या भाऊंनी चूक पकडली. "तुमच्यामुळं वाचले बघा दादा," असं म्हणून तिने माझ्यासमोर द्राक्षांची एक पेटी ठेवली. एकही फुटका मणी नव्हता. मी ती पेटी घरी नेली नाही, नवसाबाईंना देऊन टाकली.

त्यानंतर डॉक्टरांनी नियम केला. बोट टोचण्याआधी साबणाने हात धुवायचे, आणि यंत्राने तीनशेच्या वर आकडा दाखवला तर वाल्मीकचा रिपोर्ट आल्याशिवाय इन्शुलिन द्यायचं नाही. बाकडंही परत माझ्या दाराशी आलं. मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं.

रिपोर्ट आता मी कुणाच्या हाती पाठवत नाही. तयार झाला की स्वतः घेऊन जिना चढतो, गुडघे दुखले तरी. मनीषा अजूनही विचारते, "वाल्मीकभाऊ, चहा झाला का?" त्यात काही फरक नाही. मी कागद पुढे करतो आणि ती तो हातात घेते. आधी उजव्या कोपऱ्यातली वेळ बघते, मग भिंतीवरचं घड्याळ बघते, आणि त्यानंतर आकडा वाचते.